शुगर उतरली की मी गावाकडचं बोलतो

त्या मंगळवारी दुपारी सुनंदा वर्गात गणित शिकवता शिकवता खुर्चीवर बसली. मुलींनी हाक मारली, तिने उत्तर दिलं नाही. शाळेतल्या लोकांनी तिला पाथर्डीहून नगरला नेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. संध्याकाळी ती गेली. सुनंदा माझी बायको. मी तेव्हा एका नव्या इन्सुलिनच्या चाचणीत भाग घेत होतो आणि चाचणी निम्मी झाली होती.

त्या संध्याकाळीही मी इन्सुलिन घेतलं. लोक मला नंतर विचारत, तुम्हाला अशा वेळी सुचलं कसं? टाइप वन मधुमेहात सुचण्या न सुचण्याचा प्रश्न नसतो. शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं. जेवलो त्या दिवशी आणि जेवलो नाही त्या दिवशीही. दवाखान्याच्या जिन्याखाली उभं राहून मी शर्ट वर केला आणि पेन टोचलं. एरवी सुनंदा विचारायची, "घेतलं?" मी पेनाला टोपण लावलं आणि वर गेलो.

हे मी टाइप वनच्या लोकांसाठी लिहितो आहे, पण त्यांच्याहून जास्त त्यांच्या घरच्यांसाठी. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मला बोलण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, आणि लिहिणं फार हळू होतं. सांगायची गोष्ट मात्र एकच आहे. माझी शुगर उतरली की ते मला कळत नाही. सुनंदाला कळायचं. ती गेल्यावर ते कोणाला कळणार, हा प्रश्न होता.

*

आजार मला अकरावीत झाला. आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. मी नगरच्या वसतिगृहात राहून शिकत होतो. त्या हिवाळ्यात मला इतकी तहान लागायची की मुलं मला "टँकर" म्हणू लागली. आमच्या दुष्काळी पाथर्डीकडच्या मुलाला टँकर म्हणणं म्हणजे चेष्टेत चेष्टा. मीही हसायचो आणि पुन्हा नळाकडे जायचो. अंगावरचे कपडे सैल झाले. एका सकाळी मला उठता येईना, तेव्हा मुलांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं.

आई-दादा फडावरून आले ते तसेच आले. आईच्या पदराला उसाचं पाचट चिकटलेलं होतं. डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितलं. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर ही सुई बंद कवा व्हनार?"

"बंद नाही होणार, मावशी. आयुष्यभर घ्यावी लागेल."

आई म्हणाली, "आयुक्षभर तं आमी बी कोयता धरलाय. धरंल त्यो बी."

डॉक्टरांना ते ऐकून काय वाटलं कोण जाणे. मला मात्र त्या वाक्याने धीर आला, आणि पुढेही खूप वर्षं येत राहिला.

दुसऱ्या दिवशी ते परत गेले. टोळीत नवरा-बायकोची एक जोडी कमी पडली की बाकीच्यांचं अडतं. मला सुई टोचायला एका नर्सने शिकवलं, आधी मोसंबीवर, मग मांडीवर. म्हणजे माझा आजार आईने जवळून पाहिलाच नाही. तो वसतिगृहात वाढला, मग भाड्याच्या खोलीत, मग नोकरीच्या गावात.

वसतिगृहात आणखी एक झालं. माझी बोली गेली. कोणी हिणवलं असं नाही. मी वाचायला लागलो आणि पुस्तकांत जसं लिहिलेलं असतं तसं बोलायला लागलो. सुट्टीत घरी गेलो की आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमचा बापू रेडिओवानी बोलतू." मग मला म्हणायची, "आता बातम्या संपल्या आस्तील तं जेवाया बस."

*

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवार होता, मी खिडकीशी वाचत बसलो होतो. सुनंदा सांगते... सांगायची, की मी पुस्तकातून मान वर काढली आणि म्हणालो, "आगं, लई ऊन हाय. बैलं सावलीला बांद."

तिला वाटलं मी कोणाची तरी नक्कल करतोय. ती हसली आणि म्हणाली, "बांधली. अजून काय हुकूम?"

"वैरन टाक."

ती जवळ आली तेव्हा माझ्या कपाळावरून घाम निथळत होता आणि पुस्तक उलटं धरलेलं होतं. शुगर पार खाली गेली होती. तिने साखरेचं पाणी पाजलं. थोड्या वेळाने मी तिला शुद्ध भाषेत विचारलं, "काय झालं? तू अशी का बघते आहेस?"

"तुमची बैलं बांधत होते," ती म्हणाली.

शुगर वाढली तर नुकसान व्हायला काही दिवस, कधी वर्षं लागतात. उतरली तर मिनिटं पुरतात. मेंदूला साखर मिळेनाशी होते आणि ज्याने ओळखायचं त्यालाच ओळखता येत नाही. बहुतेकांना आधी थरथर होते, छाती धडधडते. जुन्या रुग्णांमध्ये कधी कधी ही सूचना बंद पडते. माझी पडली आहे. पण त्याऐवजी हे असं होतं: वरची भाषा उतरते आणि खालची उघडी पडते. सुनंदाने हे ओळखलं आणि आमच्या घरात त्याला नाव पडलं, बैलं. "अहो, बैलं सुटली का?" असं तिने स्वयंपाकघरातून विचारलं की मी निमूटपणे बोट टोचून शुगर पाहायचो. दहातल्या दोन-चार वेळा ती चुकायची. "आज नुसताच माणूस आहे," म्हणायची आणि कामाला लागायची.

ती आमच्याच जिल्ह्यातल्या बेलापूरची, पाटपाण्याच्या गावची. आमच्या कोरड्या मुलखाला ती जन्मभर पाहुणीसारखी हसली. घरात तिने जागोजाग साखरेचे चौकोनी खडे ठेवले होते: पुस्तकांच्या मागे, देव्हाऱ्यात, माझ्या छत्रीच्या पिशवीत, दूरदर्शन संचाखाली. "मुंग्या माझ्यावर खूश आहेत," म्हणायची. आम्हाला मूल नाही. तिचं सगळं लक्ष माझ्यावर आणि नववीच्या भूमितीवर होतं.

*

चाचणीचं आम्हाला नगरच्या आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. मूळ कंपनीच्या इन्सुलिनसारखंच एक नवं इन्सुलिन तयार झालं होतं, त्याला बायोसिमिलर म्हणतात. ते मूळ औषधाइतकंच काम करतं का, आणि तितकंच सुरक्षित आहे का, हे टाइप वन असलेल्या प्रौढ माणसांवर तपासायचं होतं. काहींना जुनं मिळणार, काहींना नवं. कोणाला कोणतं ते आम्हालाही कळणार नव्हतं आणि डॉक्टरांनाही. पेनं दिसायला सारखी.

"सारखंच म्हणजे तेच का?" सुनंदाने विचारलं. गणिताची बाई.

"तेच नाही," डॉक्टर म्हणाले. "इन्सुलिन जिवंत पेशींकडून बनवून घेतात. असं समजा, एकाच विरजणाचं दही दोन घरांत लावलं. दोन्ही दहीच. पण अगदी तंतोतंत तेच कसं म्हणणार?"

"आणि शेजारणीचं आंबट निघालं तर?"

"तेच तर पाहायचंय, वहिनी."

मला भीती वाटत होती. इतक्या वर्षांत एका औषधाशी जमवून घेतलेलं असतं. त्याचा चढ-उतार अंगाला माहीत असतो. परतीच्या एसटीत मी तिला म्हणालो, "नको वाटतं." करंजीच्या घाटात ती म्हणाली, "तुम्ही इतकी वर्षं जे घेताय, तेही कोणीतरी आधी स्वतःला टोचून पाहिलंच असेल ना? त्याच्या बायकोलाही नको वाटलं असेल."

पुढच्या खेपेला मी संमतीच्या कागदांवर सही केली. डॉक्टरांनी ते आधी पानापानाने वाचून दाखवले, आणि कधीही, कारण न देता बाहेर पडता येईल हे पुन्हा पुन्हा सांगितलं.

चाचणीचं काम रेश्मा सिस्टर बघायच्या. उंच, घाईत असलेल्या, पण रुग्णाशी बोलताना घाई बाहेर ठेवून येणाऱ्या. त्यांनी विचारलं, शुगर उतरण्याआधी काय काय होतं? मी म्हणालो, घाम येतो. सुनंदा म्हणाली, "यांना काय विचारता? मला विचारा. हे गावाकडचं बोलायला लागतात. बैलांची चौकशी करतात."

सिस्टरांनी वर पाहिलं. "म्हणजे... बोलण्यात बदल?"

"बैलंच लिहा ना."

"वहिनी, तिकडे मोठे लोक वाचतात ते."

"मग त्यांनाही कळू दे."

सिस्टरांनी 'बोलण्यात बदल' असंच लिहिलं, पण त्या दिवसापासून आम्ही दारात दिसलो की त्या विचारायच्या, "काय वहिनी, बैलं बरी आहेत ना?"

मग आमचं एक वेळापत्रक बसून गेलं. उपाशीपोटी सकाळची एसटी. बोर्डावर अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी नगर. रक्त द्यायचं, शरीर या इन्सुलिनला परकं मानून त्याच्याशी भांडतं आहे का, तेही त्या रक्तात बघत. मग वजन, प्रश्न, नवी पेनं बर्फाच्या पिशवीत. मग दवाखान्याच्या मागच्या कडुनिंबाखाली सुनंदाने आणलेली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. सुरुवातीचे काही आठवडे मी प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघत होतो. सुनंदाचा वेगळाच खेळ चालू होता.

"तुमचं नवंच आहे."

"कशावरून?"

"हल्ली तुम्ही भाजीला नावं ठेवत नाही."

"भाजी बरी होत असेल."

"छे. भाजी तीच आहे."

दुसऱ्या आठवड्यात तिचं मत बदलायचं. आजारपणाच्या माझ्या सगळ्या वर्षांत ते महिने सर्वांत हलके गेले, हे मला आज लिहिताना कळतं आहे.

*

सुनंदाच्या तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं. चुलत्या, मावश्या, बेलापूरची माणसं. तेरावं झाल्यावर बायकांनी घर झाडून-पुसून, धुऊन काढलं. त्यात त्यांना जिथे तिथे साखर सापडायला लागली. पुस्तकांच्या मागे साखर, देव्हाऱ्यात साखर, छत्रीत साखर. त्यांना ते पाहून भरून आलं. "बिचारीला ठावं नसंल, नवरा चोरून खातू ते," असं एक मावशी म्हणाल्याचं मला नंतर कळलं. शुगर असलेल्या माणसाच्या घरात साखर कशाला, असं म्हणून त्यांनी सगळे खडे गोळा केले, स्वयंपाकघरातला साखरेचा डबाही रिकामा केला, आणि जाताना वाटून घेऊन गेल्या. कोणीही वाईट हेतूने केलं नाही. मला वाचवायलाच केलं. मी त्या दिवसांत घरात काय आहे आणि काय नाही, हे पाहत नव्हतो.

सगळे गेले, आई राहिली. दादा जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई गावी एकटीच होती, तिने कोयता कधीच खाली ठेवला होता. तिने एक पिशवी आणली होती आणि ती कोणाला उघडू देत नव्हती.

पुढच्या भेटीला आई माझ्याबरोबर आली. रेश्मा सिस्टरांनी दारात आम्हाला पाहिलं आणि त्यांना काय विचारावं कळेना. फोनवरून त्यांना बातमी समजली होती. त्यांनी आईचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. डॉक्टर म्हणाले, चाचणीत राहण्याचा आग्रह नाही. राहायचं असेल तर घरात कोणीतरी असं हवं, ज्याला शुगर उतरल्याचं ओळखता येईल. नाहीतर इथेच थांबू आणि तुमचं नेहमीचं औषध सुरू करू.

सिस्टरांनी आईला एकेक करून सांगितलं. घाम येईल. हात थरथरतील. चिडचिड होईल. बोलण्यात बदल होईल. असं झालं की लगेच साखर द्यायची. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना. आई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती.

"आजी, कळेल ना तुम्हाला?"

"न कळाया काय झालं? जल्म मी दिलाय."

सगळे हसले. मीही. खूप दिवसांनी.

*

यानंतरचं मला फार थोडं आठवतं. जे लिहितो आहे ते आईने सांगितलेलं आहे, आणि तिने ते अनेकदा सांगितलं आहे.

रविवारची दुपार होती. जेवणाआधीचं इन्सुलिन मी नेहमीच्या हिशेबाने घेतलं आणि अर्ध्या भाकरीवर उठलो. सुनंदा गेल्यापासून माझं जेवण असंच चाललं होतं. आई पुढच्या सोप्यात सुपात बाजरी निवडत बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन जमिनीवर बसलो. एरवी मी खुर्चीवर बसतो.

"आये," मी म्हणालो.

मी तिला 'आई' म्हणतो. 'आये' हा शब्द तिने वसतिगृहाच्या आधी ऐकलेला.

"काय रं?"

"आपली फडावरची कोपी आठवती का गं? पाचटाची. पानी आत याचं."

आईचे हात सुपात थांबले. "आठवती की. तू माज्या पदरात शिरून निजायचा."

"दादांनी घोडेगावच्या बाजारातून पाखऱ्या बैल आनला तवा मी संगं गेल्तो."

"गेल्ता की! साऱ्या वाटंनं त्याच्या म्होरं चाललास. म्हनला, माज्याकडं बगून यील त्यो."

"लई गुनाचा हुता."

"लई."

आई सांगते, माझं तोंड तेव्हा लहानपणीसारखं दिसत होतं. ती बोलत राहिली आणि मी बोलत राहिलो. फडावरची चूल, मोळ्या बांधायची पद्धत, उसाच्या पानांनी कापलेले हात. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं तिने काढलं. पोरगं दुःखानं मऊ झालं आणि आईकडं आलं, असं तिला वाटलं. माझ्या बोलण्यात बदल झाला आहे असं तिला वाटलंच नाही. तिच्या कानांना बदललेलं होतं ते माझं एरवीचं बोलणं. हे तर सरळ झालेलं होतं.

मग मी म्हणालो, "आये, दादांना म्हनावं पाखऱ्याचा पाय बगा. लंगडतोय त्यो. आन सुनंदाला म्हनावं वैरन टाक."

आईने सूप खाली ठेवलं. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. तिने "बापू, बापू" म्हणून हलवलं तर मी हसत होतो. ती स्वयंपाकघरात धावली. साखरेचा डबा रिकामा. देव्हाऱ्यात काही नाही. तेव्हा तिने आपली ती पिशवी ओढली. त्यात काकवीची बाटली होती. गावच्या गुऱ्हाळावरची. शुगरवाल्या पोराच्या घरात गोड खाते हे कोणाला दिसू नये म्हणून ती लपवून ठेवलेली; सकाळी मी कामावर गेलो की ती भाकरीला लावून खायची.

तिने बोटाने काकवी माझ्या ओठांवर लावली, ती मी चाटली. मग चमच्याने. मग वाटीने. मला आठवतं ते इथून: दात, हनुवटी, शर्ट, सगळं चिकट झालेलं आणि आईचा चेहरा अगदी समोर. मी विचारलं, "आई, हे काय लावलं आहेस?"

आई मोठ्याने रडायला लागली. मला वाटलं भीतीने.

*

घडलेलं चाचणीच्या लोकांना कळवणं भागच होतं. मी फोन केला, त्यांनी बोलावून घेतलं. आई म्हणाली, "मी सांगनार. तुला काय आठवतंय?"

तिने रेश्मा सिस्टरांना सगळं सांगितलं. सुपापासून काकवीपर्यंत. शेवटी म्हणाली, "बाई, इतक्या वर्सांनी पोरगं माज्यासंगं माज्या बोलीत बोललं. मला वाटलं, देवानं सुनंदा नेली पर पोरगं परत दिलं. आन ती बिमारी निघाली."

सिस्टर लिहायच्या थांबल्या. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होतो. त्यावर काय लिहिलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. अर्धं जेवण आणि पूर्ण डोस, असं कोणत्याही इन्सुलिनने झालं असतं, ते म्हणाले. डोस कमी केला. मग पुन्हा विचारलं, थांबायचं का? मी थांबायचं म्हणणार होतो. ओळखणारं माणूस घरात नव्हतं, हे आता सिद्ध झालं होतं.

आईने सिस्टरांना विचारलं, "ही सुई आमच्या बापूपुरती हाय का समद्यांसाठी?"

"सगळ्यांसाठी, आजी. चांगली निघाली तर पुष्कळ लोकांना स्वस्तात मिळेल."

"मंग मदीच कसं सोडायचं? आर्ध्या फडातून कुनी कोयता खांद्यावर टाकून जातं का?" मग माझ्याकडे वळून, "आन तू आता पोटभर खाशील. सुनंदा व्हती तवा लाड चालले. मी न्हाई खपवून घेनार."

"आणि आजी, ओळखणार कसं?" सिस्टरांनी विचारलं.

"आता ठावं झालंय न्हवं," आई म्हणाली. "नीट बोलला की समजायचं, बिगाडला."

*

त्यानंतरचे काही दिवस विनोदी होते आणि मला त्यांचं हसू येत नव्हतं. माझ्या तोंडून एखादा शब्द गेला की आई चमचा घेऊन हजर. दूधवाल्याने दारातून विचारलं, "सर, उद्या एक लिटर का?" आणि मी सहज "व्हय" म्हणालो. मागे वळतो तो आई काकवीची बाटली घेऊन उभी.

"आई, मी ठीक आहे."

"आकडा दाव."

मी बोट टोचलं. आकडा चांगला होता. बाटली परत गेली, पण आई तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, "तू आपला रेडिओवानीच बोल, बाबा. मला घोर ऱ्हात न्हाई."

हे तिने अगदी साधेपणाने म्हटलं. मला रात्रभर ते वाक्य पुरलं. जी बोली ऐकायला ती इतकी वर्षं थांबली होती, तिचीच तिला आता धास्ती बसली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाआधी मी शुगरचं मीटर घेऊन चुलीशी... आमच्याकडे गॅस आहे, पण आई खाली बसूनच भाकरी थापते, म्हणून चुलीशी म्हणतो. तिथे जाऊन बसलो. तिच्यासमोर बोट टोचलं आणि आकडा तिला दाखवला. आईला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. कारखान्यावर उसाच्या ट्रॅक्टरांचे नंबर बघून ती शिकली.

"हाय का बराबर?" मी विचारलं.

तिचा हात बाटलीकडे निघाला होता, तो आकड्यापाशी थांबला. तिने मीटर दोन्ही हातांनी धरून पुन्हा बघितलं.

"बराबर हाय," ती म्हणाली.

"मंग आता बोलू?"

तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग म्हणाली, "बोल."

खरं सांगायचं तर मला जमेना. शुगर उतरली की आपोआप येणारी भाषा, शुद्धीत असताना पुस्तकातून शिकल्यासारखी यायला लागली. आई हसून हसून बेजार. "तसं न्हाई म्हनत रं. तू नाटकातल्या पाटलावानी बोलतूस." ती दुरुस्त करायची, मी पुन्हा म्हणायचो. हळूहळू येत गेलं. एक दिवस मी सुनंदाबद्दल बोललो, तिच्या जाण्याबद्दल, त्या जिन्याखालच्या इन्सुलिनबद्दल. पुस्तकी भाषेत मला ते कोणालाच सांगता आलं नव्हतं. आई भाकऱ्या थापत ऐकत राहिली आणि त्या दिवशी आमच्या दोघांच्या मानाने फार भाकऱ्या झाल्या.

दिवसाचे बाकीचे तास पहारा चालूच. अवेळी माझ्या तोंडून 'हाय' किंवा 'न्हाई' गेलं की आतून हाक येते, "आकडा दाव!" त्यानंतर दोनदा तिने मला वेळेत पकडलं आहे. ती सुनंदासारखं ओळखत नाही. सुनंदा विचारायची तेव्हा तिच्या आवाजात गंमत असायची. आईच्या आवाजात दटावणी असते. पण काम होतं.

टाइप वन असलेल्यांना मला एकच सुचवायचं आहे. शुगर उतरली की आपण कसे दिसतो, काय बोलतो, हे घरच्यांना विचारून ठेवा. ते आपल्याला स्वतःला कधीच दिसणार नाही. आणि ते एकाच माणसाला माहीत असेल तर दुसऱ्यालाही सांगून ठेवा, त्या माणसाच्या कानांना ते कसं ऐकू येईल याचा विचार करून.

*

चाचणी संपली. शेवटच्या भेटीला रेश्मा सिस्टरांनी आईसाठी चिकूची पिशवी आणली होती, आणि आईने त्यांच्यासाठी काकवी. मी माझ्या जुन्या इन्सुलिनवर परत आलो आहे. मला जुनं मिळत होतं की नवं, ते अजून कळवलेलं नाही. सुनंदाचं शेवटचं मत नवं असं होतं.

साखरेचे खडे मी पुन्हा पुस्तकांच्या मागे ठेवले आहेत, देव्हाऱ्यात आणि छत्रीतही. काकवीची बाटली आता उघड्यावर असते. संध्याकाळी जेवणाआधी मी मीटर घेऊन आईजवळ बसतो. ती आकडा वाचते. मग आम्ही बोलतो.